१४,८०० रुपयांचं तेल

लिहू की नको यात दोन महिने गेले. लाज वाटते, दुसरं काय. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस, रोज पुलथ्रू (नळी पुसायची दोरी) ओढून चिंदी पांढरी निघेपर्यंत कोतसमोर, म्हणजे शस्त्रागारासमोर, बसलेला, आणि हत्याराच्या सर्व्हिसिंगमध्ये गंडला. हसा.

माझ्याकडे परवान्याची ३२ बोअरची रिव्हॉल्व्हर आहे. २०२४ मध्ये ती दोनदा पोलीस ठाण्यात जमा झाली, आधी लोकसभेला, मग विधानसभेला. लोकसभेची परत मिळायलाच ऑगस्ट उजाडला. दोन्ही वेळा मी ती चामड्याच्या होल्स्टरसकट दिली, ही चूक माझी. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला खातात. होल्स्टर कमरेला लावायला असतं, हत्यार साठवायला नाही, हे नव्या जवानांना मीच सांगायचो. दुसऱ्यांदा हातात आली तेव्हा नळीवर तांबूस पुटकुळ्या होत्या, सिलिंडर एका जागी अडखळत होता आणि ट्रिगर जड लागत होता.

आता कुणी म्हणेल, स्वतः का नाही साफ केली? केली. नळी, सिलिंडरची सहाही घरं, ब्रश, सॉल्व्हंट, सगळं केलं. पण आतली स्प्रिंग हा माझा प्रांत नाही. फौजेतसुद्धा ते आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं, काम, जवानाने हात घालायचा नसतो. म्हणून दुकानात गेलो. ओळखीतल्या माणसाने नाव सुचवलं होतं, बोर्ड होता, भिंतीवर बंदुका टांगल्या होत्या. अजून काय बघायचं असतं?

त्याने कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे हिशेब मांडला. सर्व्हिसिंग ३,५००. नवी मेन स्प्रिंग (घोड्याला जोर देणारी) २,८००. फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी) ३,२००. ब्लूइंग (पोलादाला गंजरोधक काळपट रंग) ४,०००. टेस्टिंग १,३००. एकूण १४,८००. पावती मागितली तर म्हणाला, "साहेब, जीएसटी कशाला भरता उगाच?" आणि मी, पावतीशिवाय पंखासुद्धा दुरुस्तीला न देणारा, ८,००० रोख मोजले. हत्यार सोडताना दुकानाच्या शिक्क्याची पोच घ्यायची असते, त्यावर हत्याराचा नंबर हवा. मी मोबाईलमध्ये त्या पानाचा फोटोसुद्धा काढला नाही.

नऊ दिवसांनी आणायला गेलो. काचेसारखी चमकत होती, तेलाचा वास दुकानभर. हातात घेतली, अंगठा फिरवला, अंगठ्याला काळं लागलं. नीट केलेलं ब्लूइंग बोटाला लागत नाही. "ताजं आहे, दोन दिवसांत बसेल," तो म्हणाला. ठीक.

मग मी मूठ पाहिली. मुठीच्या लाकडी पट्ट्या धरणारा स्क्रू. त्याच्या खाचेत वाळून दगड झालेला काळा मळ, माझ्या ओळखीचा, कारण तो काढायचा कंटाळा मीच वर्षभर केला होता. मेन स्प्रिंग असते त्या पट्ट्यांच्या आत. पट्ट्या काढल्याशिवाय ती बदलता येत नाही, आणि खाचेत स्क्रूड्रायव्हर घातल्याशिवाय पट्ट्या निघत नाहीत. मळ जागच्या जागी होता. मी तो बघितला. नखाने थोडा खरवडलासुद्धा. आणि त्याच क्षणी त्या माणसाने चहा पुढे केला आणि विचारलं, "साहेब, तुम्ही सियाचीनला होता का हो?"

होतो. सांगत बसलो. उरलेले ६,८०० मोबाईलवरून दिले, तेही त्याने मेव्हण्याच्या नंबरवर घेतले.

पुढच्या आठवड्यात रेंजवर सहा काडतुसं भरली. चार वाजली. दोन वेळा नुसतं टक्. तोंड टार्गेटकडे धरून तीस सेकंद थांबलो, ती सवय सुटलेली नाही. काडतूस काढून पाहिलं तर टोपीवर, म्हणजे पिन आदळते त्या बुडाच्या चकतीवर, नखाने टोचल्याएवढी खूण. तीच दोन काडतुसं पुन्हा घातली तर वाजली, म्हणजे काडतुसं बरी होती, ठोका कमजोर होता. आमच्या युनिटचा जुना आर्मरर शेजारच्या लेनमध्ये होता. त्याने पट्ट्या काढून दाखवल्या. जुनीच स्प्रिंग, गंजलेली, वर तेलाचा चिखल. एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली हिरवा थर तसाच. सिलिंडर अडखळायचा तो त्यामुळे. (जास्त तेल हाही रोगच. धूळ धरतं, काडतुसाच्या टोपीत झिरपतं. पातळ हात फिरवायचा, बस.)

मग तो म्हणाला, "नंबर वाच." मी वाचायला गेलो. गंज घालवण्यासाठी बफ इतका मारला होता की शेवटचा आकडा ३ आहे की ८, कळेना.

इथून खरी कथा. शस्त्र कायदा १९५९, कलम ८. हत्यारावरचा नंबर खोडलेला असेल, तर ज्याच्याकडे हत्यार त्यानेच तो खोडला असं गृहीत धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं त्यानेच. पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्यायला गेलो, तर अंमलदाराने भिंग मागवलं. "आधी हे सांगा." मी दुकानदाराबद्दल बोलतोय, तो माझ्याबद्दल लिहितोय. पावती? नाही. पैसे कुणाला दिले? मेव्हण्याला. मेव्हण्याकडे दुरुस्तीचा परवाना आहे? मला काय माहीत! तिथून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत. तिथला बाबू म्हणाला, पोलिसांचा अहवाल आणा. पोलीस म्हणाले, परवाना शाखेचं पत्र आणा. चार फेऱ्या. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी शांतपणे ऐकून बिलाची प्रत मागितली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, पण व्यवहाराचा पुरावा लागतो, आणि माझ्याकडे बिलच नाही. दुकानदार? "साहेब, नंबर आधीपासूनच पुसट होता." आणि ज्यांच्या मालखान्यात दोनदा पडून हे सगळं झालं, त्यांना विचारलं तर, "आम्ही काय तेल लावत बसायचं का?"

हत्यार दुरुस्तीला देण्याआधी नंबरचा जवळून फोटो काढा, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवा. दुरुस्तीलाही परवाना लागतो. तो भिंतीवर दिसला नाही तर मागून बघा. बदललेला जुना भाग परत मागा, देत नसेल तर समजा बदललाच नाही. जमा करताना चामडं काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळा. आणि चहा घेऊ नका.

सध्या रिव्हॉल्व्हर नंबरच्या पडताळणीसाठी पोलीस ठाण्यात जमा आहे, त्याच मालखान्यात. या सगळ्या प्रकरणात मला मिळालेली एकमेव शिक्क्याची पावती ती. तिच्यावर नंबरच्या रकान्यात लिहिलंय, 'अस्पष्ट'.