टेबलावरचा छोटा हॅम सेट: जी-९० की एफटी-८९१?

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, परवाना हातात पडला की पुढचा प्रश्न ठरलेला: सेट कुठला? शिएगूचा जी-९० घ्यायचा, की याएसूचा एफटी-८९१? पहिला २० वॉटचा, दुसरा १०० वॉटचा. आकडा बघून मन दुसऱ्याकडेच धावतं. पण रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे परवान्याच्या खालच्या वर्गाला, एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ५० वॉटांचीच मुभा आहे. २० चे ५० वॉट केले तर वाढतात फक्त चार डेसिबल. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचं एक घर सहा डेसिबलचं, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर पुरतं एक घरही चढत नाही. वरच्या, जनरल ग्रेडवाल्यांची गोष्ट वेगळी.

खरी डोकेदुखी ऐकण्याची. परभणीत माझं टेबल गच्चीखालच्या खोलीत आहे. संध्याकाळी ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झ) नुसत्या गोंगाटानेच एस-मीटरचा काटा एस-७ वरून हलत नाही. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर सगळे एका सुरात गुणगुणतात. मग गल्लीची लाइट जाते, मी घरचा इन्व्हर्टरही बंद करतो आणि काटा धपकन खाली येतो. गोंगाटात दडलेली स्टेशनं तेव्हा बोलायला लागतात. लोडशेडिंगला दुवा देणारा मराठवाड्यात मी एकटाच असेन!

आणि नेमकं तेव्हाच जी-९० कामाला येतो. बोलताना तो जास्तीत जास्त ८ अँपिअर ओढतो, इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी ते हसत पुरवते. फक्त वायर जाड घ्या आणि फ्यूज विसरू नका. एफटी-८९१ पूर्ण ताकदीवर २३ अँपिअरपर्यंत जातो. तारेत थोडा व्होल्टेज पडला तरी कुरकुरतो. त्याच्यासाठी ३० अँपिअरचा चांगला एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय, लागतो. स्वस्तातला घेतलात तर तोच गोंगाट करणार.

अँटेनाचंही तसंच. ४० मीटर बँडच्या डायपोलला, म्हणजे दोन बाजूंना ताणलेल्या तारेच्या अँटेनाला, एका बाजूला दहा मीटर तार लागते. पाण्याची टाकी आणि शेजाऱ्याची भिंत सांभाळून ती सरळ बसतेच असं नाही. जी-९० चा आतला ट्यूनर, म्हणजे अँटेना सेटशी जुळवून घेणारा भाग, वाकडीतिकडी तारही सांभाळून घेतो. एफटी-८९१ मध्ये ट्यूनर नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. ५० मेगाहर्ट्झचा बँड मात्र फक्त एफटी-८९१ मध्येच आहे.

तासन्‌तास गप्पा मारायच्या असतील, तर आवाज आणि रिसीव्हर मला एफटी-८९१ चाच आवडतो. मात्र सलग धावणारा वॉटरफॉल, म्हणजे आसपासचे सिग्नल दाखवणारं सरकतं चित्र, हवा असेल तर तो जी-९० च्या इवल्याशा पडद्यावर आहे. चाळिशीनंतर चष्मा शोधावा लागतो, ते सोडा. एफटी-८, म्हणजे कॉम्प्युटर जोडून छोटे संदेश पाठवायची पद्धत, करायची तर दोघांनाही आवाज कॉम्प्युटरशी जोडायला वेगळा इंटरफेस लागतो. एका यूएसबी वायरीत काम व्हायला आयकॉमचा आयसी-७०५ हवा, पण तो खिशाला फार जड.

एक बारीक गोष्ट. हे सेट इतके हलके की मागची जाड कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, त्यांना टेबलावर फिरवते. मी मधे हातभर बारीक आरजी-५८ केबल जोडली, तेव्हा कुठे सेट जागचा हलायचा थांबला.