जंगलात मिशनची इमारत: हातकाम की बुलडोझर?

मध्य आफ्रिकेतल्या गॅबन देशात प्रोटेस्टंट मिशनसोबत काम करणाऱ्या मैत्रिणीने विचारलंय: प्रार्थनाघर आणि शाळेसाठी जंगल साफ करायचं, तर कुऱ्हाड-करवतीवर माणसं लावावीत की बुलडोझर आणावा?

वेळेत बुलडोझरशी बरोबरीच नाही. खर्चात मात्र नुसतं भाडं धरू नका. यंत्र नदीपार न्यायचं, डिझेल पुरवायचं, सुटे भाग लांबच्या शहरातून मागवायचे. मजुरीचा पैसा निदान जवळच्या गावात राहतो.

माझ्या लेखी खरा मुद्दा मातीचा. विषुववृत्तीय जंगलात सुपीक थर जेमतेम असतो. बुलडोझरचं पातं झाडांबरोबर तोही खरवडून नेतं, उरलेली जमीन वजनाने दबते. मग मोठ्या पावसात पाणी मुरत नाही, लाल गढूळ ओहोळ थेट इमारतीच्या पायाशी येतात. हाताने तोडताना हवी ती झाडं राखता येतात, चांगलं लाकूड फळ्यांना मिळतं. पण बुंधे खणून काढणं फार जिकिरीचं, आणि ते टाळून चालत नाही. इमारतीखाली राहिले तर कुजतात, वाळवी लागते, जमीन खचते.

गॅबनमधल्याच लांबारेने गावात डॉक्टर आणि मिशनरी आल्बर्ट श्वाइट्झर यांचा दवाखाना प्रोटेस्टंट मिशनच्या आवारातून १९२७ मध्ये नव्या जागी गेला. तिथलं जंगल माणसांनी हातानेच तोडलं होतं. रुग्णांचे नातेवाईकही त्यात राबले.

एक-दोन इमारती, उतार, नदीकाठ असेल तर हातकामच करा. सपाट जागा, पोहोचणारा रस्ता आणि मोठं आवार असेल तर बुलडोझर परवडेल. तोही जून ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत, फक्त आखलेल्या पायापुरता.