ड्राइव्ह शाफ्ट: घरी बदलावा, की गॅरेजात?

सकाळी गाडी अंगणातून काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढच्या चाकाशी कट-कट-कट वाजलं, की दोन प्रश्न उभे राहतात. नेमकं काय बदलायचं, आणि ते घरी करायचं की गॅरेजात न्यायचं? बहुतेकांचं डोकं आधी दुसऱ्या प्रश्नात अडकतं. पण पहिला सुटला की दुसरा अर्धा सुटतो, म्हणून मी पहिल्यापासून सुरू करतो.

अॅम्बॅसेडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या. 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पुढच्याच चाकांनी ओढायचं, पुढच्याच चाकांनी वळायचं, ही रचना आपल्याकडे घरोघरी पोचली. ड्राइव्ह शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा, चाक फिरवणारा दांडा. वळलेलं चाकही एका लयीत फिरत ठेवणं हे त्याच्या दोन टोकांच्या दोन जॉइंट्सचं काम. चाकाकडच्या जॉइंटमध्ये बहुधा सहा गोळ्या असतात, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटमध्ये बऱ्याच छोट्या गाड्यांत तीन रोलर. दोन्हींवर घड्या-घड्यांचा रबरी बूट आणि आत काळं ग्रीस. बूट शाबूत आहे तोवर जॉइंट वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. बूट फाटला की चाकाच्या फिरण्याने ग्रीस बाहेर उडतं आणि त्या जागी रस्ता आत शिरतो. आपल्याकडचा रस्ता म्हणजे काय, ते गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या माणसाला सांगायला नको. पावसात तांबड्या मातीचं पाणी, आणि साखळी गावात वाळवंटी नदी चढली की त्यातूनच गाडी काढायची. किनाऱ्याकडच्या लोकांना वर खारी हवा. फाटक्या बुटाने एक पावसाळा काढलेला आणि तरीही धड राहिलेला जॉइंट मी पाहिलेला नाही.

म्हणून आधी खाली वाकून बघा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि टॉर्च घेऊन चाकामागे पाहा. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा पट्टा उमटलेला असेल, तर बाहेरचा बूट फाटलाय. मग मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरा, दोन्ही बाजूंनी. कट-कट आली तर बाहेरचा जॉइंट गेला. बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या चाकाचा. चोर्ला घाट चढताना अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरत असेल आणि पाय काढला की शांत होत असेल, तर संशय आतल्या जॉइंटवर. सरळ रस्त्यावरही वेगाबरोबर वाढणारी घोंघों ही बेअरिंगची, आणि फक्त खड्ड्यात येणारी टकटक सस्पेन्शनची. या दोन्हींसाठी शाफ्ट बदलून घेतलेले लोक मला माहीत आहेत. पैसे गेले, आवाज राहिला.

आता काय बदलायचं? बूट फाटलाय पण आवाज नाही, तर फक्त बूट. किट शेकड्यांत येतं, शाफ्ट हजारांत जातो. शिवाय कंपनीतून गाडीबरोबर आलेला शाफ्ट हा तुमच्याकडचा सगळ्यात चांगला शाफ्ट आहे, स्वस्तातला नवा त्याची बरोबरी करत नाही. आवाज सुरू झाला असेल तर मात्र नवीन बूट चढवणं म्हणजे गळक्या छपराला आतून रंग देणं. तेव्हा बाहेरचा जॉइंट तरी बदला, नाहीतर अख्खा शाफ्ट. भंगारातला शाफ्ट मी घेणार नाही. त्यातल्या गोळ्यांनी कुठला चिखल खाल्लाय ते बूट उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडायचाच असेल तर आपला काय वाईट?

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. घरी करणाऱ्याला अख्खा शाफ्ट बदलणं हे बूट बदलण्यापेक्षा सोपं आहे. बुटासाठीही शाफ्ट बाहेर काढावाच लागतो, आणि त्यानंतर जॉइंट ठोकून सोडवा, रॉकेलने धुवा, वाळवा, किटमधलं काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस मोजून भरा, क्लॅम्प आवळा. साधं पिवळं ग्रीस चालत नाही. क्लॅम्प ढिला राहिला तर महिन्याभरात पुन्हा तेच. त्यामुळे माझा कौल असा: नुसता बूट असेल तर ज्या मेकॅनिकचा हात त्यात बसलेला आहे त्याच्याकडे द्या, अख्खा शाफ्ट असेल तर घरी करण्याचा विचार जरूर करा.

पण घर म्हणजे कुठलं घर? गॅरेज आणि अंगण यांतला खरा फरक हत्यारांचा नाही, जमिनीचा आहे. शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या अंगणात जॅक जमिनीत रुततो, पावसानंतर तर हमखास. आणि आपल्याकडे हाताशी काय असतं? चिरे, जांभ्या दगडाचे ठोकळे. कुंपणाचे उरलेले चार चिरे रचून त्यावर गाडी टेकवून खाली झोपलेले लोक मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा आला आहे. चिरा भोकाभोकांचा दगड. भिंतीत भार सगळीकडून पसरून येतो म्हणून तो पन्नास वर्षं उभा राहतो. गाडीचा भार एका लोखंडी कडेवर आला की तो आधी न सांगता फुटतो. मागचं चाक सरकू नये म्हणून त्याला ओट म्हणून चिरा लावा, खुशाल. गाडीखाली फक्त स्टीलचे स्टँड, तेही काँक्रीटवर किंवा घट्ट फरशीवर. ते नसतील तर पुढचं काही वाचू नका, गॅरेजात जा.

दुसरा फरक आहे हबच्या नटाचा. चाकाच्या मधोमध असलेला हा मोठा नट छोट्या गाड्यांत साधारण 150 ते 250 न्यूटन मीटरने आवळलेला असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. मीटरभर दांड्याच्या टोकाला वीस किलो वजन लोंबकळवलं तर जवळपास 200 होतात, त्यावरून अंदाज घ्या. बऱ्याच गाड्यांत नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून दाबलेली असते. ती छिन्नीने आधी उचलायची, नाहीतर आटे जातात. नट सोडवायचा तो चाक जमिनीवर असतानाच. मी माझ्या मुलीला ब्रेक दाबून बसवली आणि पान्याला पाईप लावून भार दिला. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी नट सुटताना बंदुकीसारखा आवाज झाला. पाच पावसाळ्यांचा गंज होता तो.

गॅरेजात हा नट एअर गनने दोन सेकंदांत सुटतो. पण आवळतानाही तीच गन चालते, आणि माझी तक्रार तिथेच आहे. आमच्या आधीच्या गाडीचा शाफ्ट एका गॅरेजात बदलून घेतला होता. नट नुसता गनने मारला, कड ठोकली नाही. काही महिन्यांत त्या चाकाचं बेअरिंग घोंघावू लागलं, उघडलं तर नट ढिला. तेव्हापासून मी हा नट टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणाऱ्या पान्यानेच आवळतो, दर वेळी नवीन नट घेतो, आणि तो पूर्ण आवळल्याशिवाय चाकावर गाडीचा भार देत नाही. तुम्ही गॅरेजात दिलीत तरी शेजारी उभं राहून हे एवढं बघाच.

बाकी काम अवघड कमी आणि कष्टाचं जास्त आहे. गिअर ऑइल आधी काढून घ्या, नाहीतर शाफ्ट सुटताच ते अंगणभर होतं. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याचा, बॉल जॉइंट ज्या बोल्टने धरलेला असतो, तो नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण बऱ्याच गाड्यांत तो बॉल जॉइंटच्या खिळीवरच्या खाचेतून गेलेला असतो. मग पाईपने आर्म खाली दाबून हब बाहेर ओढा, ब्रेकचा पाईप आणि एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेची) वायर ताणली जाणार नाही हे पाहत. आतलं टोक काढताना पहिल्या वेळी माझी चूक झाली. मी शाफ्टचा दांडा धरून ओढला, आणि गिअरबॉक्समधून सुटण्याऐवजी आतला जॉइंटच बुटाच्या आत सुटला, रोलर वाटीबाहेर. त्या शाफ्टचं भंगारच होणार होतं म्हणून निभावलं. ओढायचं नाही, गिअरबॉक्स आणि जॉइंटच्या वाटीमध्ये टॉमी, म्हणजे छोटी पहार, घालून झटका द्यायचा. नवा बसवताना आतली सर्क्लिप (शाफ्ट जागेवर धरून ठेवणारी तारेची कडी) बसल्याचा 'टक' हाताला जाणवला पाहिजे. जाणवला नाही तर तो बसलेला नाही. आणि दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकाच वेळी बाहेर काढू नका, काही गिअरबॉक्समध्ये आतले डिफरन्शियलचे गिअर जागेवरून सरकतात.

दुकानात जाताना जुना शाफ्ट बरोबर न्या. डावा-उजवा लांबीने वेगळे असतात, आणि एबीएस असलेल्या काही गाड्यांत बाहेरच्या जॉइंटवर दात्यांची रिंग असते, ती जुळली नाही तर डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा पेटतो.

वेळ? ओळखीच्या मेकॅनिकला दीड-दोन तास, पहिल्यांदा करणाऱ्याला अख्खा रविवार. त्यामुळे गणेशचवथीच्या आदल्या आठवड्यात, माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणायला गाडी लागणार असताना, घरी सुरू करू नका. गाडी ऑटोमॅटिक असेल तर थेट गॅरेज, कारण त्यातलं तेल ठरावीक तापमानाला आणि ठरावीक पद्धतीने मोजावं लागतं. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सहसा भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत तेल भरलं की झालं.

काम घरी करा वा बाहेर, ऑइल सील, म्हणजे शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं तेल अडवणारं रबरी कडं, नवीनच टाका. आणि पहिले तीन-चार दिवस रात्री गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावर शाफ्टच्या खाली तेलाचा डाग दिसला, तर सील तिरकं बसलंय. तेव्हाच काढून नीट बसवा, गिअरबॉक्स कोरडा पडायची वाट बघू नका.