कॅम्पर ट्रेलर आणि उडणारी खडी: मडफ्लॅप, जाळी, पत्रा की फिल्म?

ओढून नेण्याच्या कॅम्पर ट्रेलरच्या पुढच्या भिंतीवर रंगाचे टवके उडालेले दिसले, की तिथे काहीतरी जाडजूड बसवून टाकावे असे कोणालाही वाटते. मीही तेच केले होते. पुढच्या भागावर सपाट ॲल्युमिनियमचा पत्रा उभा ठोकला आणि ट्रेलर सुरक्षित झाला असे मानले. पुढे खडीच्या रस्त्यावर त्याच पत्र्यावरून उलट उसळलेल्या एका खड्याने ओढणाऱ्या गाडीची मागची काच फोडली. सामानाच्या जागेत सांडलेले काचेचे बारीक दाणे पाहिल्यानंतर कळले, की दगड कुठून येतो आणि आदळल्यावर कुठे जातो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मिळाल्याशिवाय खरेदी करू नये.

समोरच्या वाहनाने उडवलेले दगडही लागतात, परंतु नुकसानीचा मोठा वाटा आपल्याच गाडीच्या मागच्या चाकांचा असतो. टायरखाली चेपून निसटलेला खडा वर उडतो तेव्हा जमिनीच्या हिशेबाने त्याला पुढे जाण्याचा वेग फारसा नसतो, आणि मागून येणारा ट्रेलर त्याच्यावर जवळजवळ पूर्ण वेगाने जाऊन आदळतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी 60 किलोमीटरऐवजी 80 ने गेल्यास तोच खडा पावणेदोन पटींहून थोड्या अधिक जोराने लागतो. वेग कमी करण्याला पैसे पडत नाहीत, आणि खाली दिलेला प्रत्येक उपाय कमी वेगात अधिक चांगले काम करतो.

दगड चाकापाशीच अडवण्याचे दोन मार्ग आहेत. प्रत्येक चाकामागे बसवलेला साधा मडफ्लॅप स्वस्त असतो, कायमचा राहतो आणि गाडी मागे घेताना फारसा आड येत नाही. मात्र त्याच्या आतल्या बाजूने, म्हणजे दोन चाकांच्या मधून, बरेच खडे निसटतात. हिचच्या (गाडीमागे ट्रेलर जोडायच्या जोडणीच्या) नळीवर बसणारा, गाडीच्या पूर्ण रुंदीचा फ्लॅप ही फट बंद करतो आणि ट्रेलर नसताना काढून ठेवता येतो. त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. सायलेन्सरच्या तोंडाजवळ आलेले रबर उष्णतेने वितळते, त्यामुळे तिथे उष्णतारोधक पत्रा लावावा लागतो किंवा फ्लॅप कापावा लागतो. रबर पातळ असेल तर वेगात वाऱ्याने मागे उचलले जाते आणि नेमके हवे तेव्हा खडे खालून पार होतात, म्हणून जाड आणि ताठ रबरच घ्यावे. जमिनीपासूनची उंची ट्रेलर जोडून व सामान भरून झाल्यावरच मोजावी, कारण भार पडला की गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि रिकाम्या गाडीवर बेताचा वाटलेला फ्लॅप पहिल्याच उंचवट्यावर घासतो. प्रवास मुख्यतः डांबरी रस्त्याचा असेल आणि कच्चा रस्ता मुक्कामाच्या शेवटच्या टप्प्यापुरताच असेल, तर या दोघांपैकी पूर्ण रुंदीचा फ्लॅप निवडावा. त्यापलीकडे खर्च करण्याची गरज मला वाटत नाही.

दिवसचे दिवस खडीवरून जायचे असेल तर गणित बदलते. गाडीच्या मागच्या बाजूपासून ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या त्रिकोणी सांगाड्यापर्यंत आडवी ताणलेली जाळी मधली सगळी जागा खालून झाकते. ती लवचिक असल्यामुळे खड्याचा जोर जिरतो आणि तो खाली पडतो, ट्रेलरवरही जात नाही आणि काचेवरही उसळत नाही. माझ्या मते खडीच्या रस्त्यासाठी इतका परिणामकारक दुसरा उपाय नाही. त्याचा त्रास मात्र रोजचा आहे: प्रत्येक जोडणीच्या वेळी पट्टे ओढावे लागतात, सैल राहिल्यास जाळी लोंबून घासते, आणि तीव्र वळणात ट्रेलर मागे घेताना ती कुठे अडकत नाही हे आधी मोकळ्या जागेत तपासावे लागते. सुरक्षा साखळ्या, विजेची वायर आणि ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणारी तार या जाळीत गुंतता कामा नये. यात तडजोड नाही.

सांगाड्यावरच कायम बसणारा दगडरोधक हा यातला मधला पर्याय. तो सिलिंडर आणि सामानाची पेटी वाचवतो व जोडणीच्या वेळी काही करावे लागत नाही, पण ट्रेलरच्या पुढच्या टोकावरचे वजन वाढवतो. घेताना तो तिरका आहे का आणि दगड खाली किंवा बाजूला वळवतो का, एवढे पाहावे. उभा आणि कडक असेल तर माझ्या पत्र्याचीच गोष्ट पुन्हा घडेल. सिलिंडर बंद पेटीत असेल तर पेटीच्या तळाची हवेची भोके कोणत्याही आच्छादनाने बुजवू नयेत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, आणि गळती झाल्यास तो त्या भोकांतूनच बाहेर पडतो.

भिंतीच्या पृष्ठभागासाठी पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म आणि चेकर्ड पत्रा यांत निवड करायची झाल्यास भिंत कशाची आहे हे पाहावे. फिल्म साधारण 0.2 मिलिमीटर जाड असते. ती रंगाचे टवके थांबवते, पातळ ॲल्युमिनियमला पडणारा पोचा थांबवत नाही. रंग आधीच सुटू लागला असेल तर फिल्म काढताना तो सोबत निघतो. पत्रा पोचेही सोसतो, पण त्याच्या प्रत्येक स्क्रूचे भोक ही पाणी आत शिरण्याची वाट असते आणि भिंतीतले लाकूड कुजल्याचे बाहेरून लवकर कळत नाही. म्हणून शक्य तिथे तो चिकटवावा आणि कडा सीलंटने बंद कराव्यात. पत्रा भिंतीच्या खालच्या भागापुरताच ठेवल्यास उसळण्याचा धोका कमी राहतो. फवाऱ्याने मारायचे जाड रबरी लेपन टिकाऊ असते, मात्र ते पुन्हा निघत नाही. कापडी आच्छादन मी सुचवणार नाही, कारण आत शिरलेली धूळ वाऱ्याच्या फडफडीने रंगावर सतत घासत राहते. पुढची खिडकी ॲक्रिलिकची असेल तर तिच्यावर फिल्म चिकटवू नये, काही गोंदांमुळे ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. तिथे बिजागरीवर मिटणारे झाकणच योग्य.

वरील सगळे उपाय पुढच्या बाजूचे आहेत, आणि ट्रेलरची स्वतःची चाके जे दगड उडवतात त्यांना यातला एकही अडवत नाही. ते थेट तळावर लागतात. एकदा ट्रेलरखाली आडवे होऊन टॉर्चने पाहावे: चाकांच्या मागे गॅसच्या नळीवरचा रंग खरवडून धातू चमकत असतो, ब्रेकच्या वायरचे आवरण एका बाजूने झिजलेले असते, आणि सांडपाण्याच्या टाकीचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह सगळ्यात खाली उघडा लोंबत असतो. नळी-वायरींवर जाड रबरी नळी उभी चिरून चढवावी आणि बंधाने आवळावी, व्हॉल्व्हच्या पुढे वाकवलेल्या पत्र्याचा छोटा आडोसा बसवावा, आणि चाकांच्या कमानींना आतून रबरी लेपन द्यावे. हे काम एका दिवसाचे आहे. फिल्मचे पैसे वाचवायचे असतील तर मी ते इथे घालेन, कारण टवका उडालेल्या भिंतीनिशी प्रवास पुढे चालू राहतो, ब्रेकची वायर तुटल्यावर राहत नाही.