अ‍ॅडल्ट मेंबरशिप साइटचा अफिलिएट प्रोग्राम: नऊ महिने चालवल्यानंतर

आमची साइट फक्त प्रौढांसाठी आहे, दरमहा वर्गणी भरून आत यायचं. तिच्यासाठी अफिलिएट प्रोग्राम सुरू केला, म्हणजे बाहेरच्या लोकांनी (अफिलिएटनी) आपल्या लिंकवरून सदस्य पाठवायचे आणि त्याबद्दल कमिशन घ्यायचं. त्याला नऊ महिने झाले. कुणी सुरू करायच्या विचारात असेल तर आमच्या हातून काय चुकलं आणि काय जमलं, ते सविस्तर सांगते.

अशा साइटला नेहमीच्या जाहिरातीची दारं बंद असतात. फेसबुक-इन्स्टाग्रामवर ही जाहिरात चालत नाही, पेपल आणि स्ट्राइप पैसे घेऊ देत नाहीत. त्यामुळे पैसे घ्यायला सीसीबिल, इपॉक, सेगपे यांसारख्या या धंद्यातल्याच कंपन्या बघाव्या लागतात आणि गिऱ्हाईक आणायला अफिलिएट. अफिलिएटचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर घेताना आम्ही एकच गोष्ट पक्की धरली होती: ते आमच्या पेमेंट कंपनीशी थेट जोडलेलं हवं. नवी विक्री, रीबिल (पुढच्या महिन्याची वर्गणी), रिफंड, चार्जबॅक (कार्डधारकाने बँकेकडे तक्रार करून परत घेतलेले पैसे), सगळं आपोआप अफिलिएटच्या खात्यात दिसलं पाहिजे. हा निर्णय बरोबर ठरला. रिफंडचा हिशेब महिनाअखेरीला हाताने जुळवायचा म्हटलं असतं तर दुसऱ्याच महिन्यात वाद झाले असते.

कमिशनच्या बाबतीत मात्र आम्ही चुकलो. सुरुवातीला प्रत्येक नव्या सदस्यामागे ठरावीक रक्कम ठेवली आणि तीही पहिल्या महिन्याच्या वर्गणीपेक्षा जास्त. सदस्य चार-पाच महिने टिकला की पैसे वसूल, असा हिशेब होता. दुसऱ्या महिन्यात एका नव्या अफिलिएटने दोन दिवसांत ३१ सदस्य पाठवले. आम्हाला आनंद झाला. मग मी त्या सदस्यांचे लॉग, म्हणजे कुणी कधी येऊन काय पाहिलं याच्या नोंदी, उघडून बसले. सगळे लॉगिन करून पहिल्या पानावर आले आणि तिथेच थांबले. एकानेही एक व्हिडिओ सुरू केला नव्हता. दोन नोंदणींमधलं अंतर जवळपास सारखं, ईमेल पत्त्यांची ठेवणही सारखी. कमिशन तेव्हाच रोखलं. पुढे दीड महिन्याने चार्जबॅक यायला लागले, चोरीच्या कार्डांवरचे. एकूण व्यवहारांत चार्जबॅकचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की कार्ड कंपन्यांचा ससेमिरा मागे लागतो, आणि पैसे घेण्याचं खातं बंद झालं तर साइटच बंद. एका माणसाच्या लबाडीने आम्ही त्या काठावर जाऊन आलो.

त्यानंतर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला वाट्याची पद्धत: सदस्य जितके महिने वर्गणी भरेल तितके महिने अफिलिएटला त्यातला हिस्सा. ठरावीक रक्कम फक्त ज्यांचे सदस्य तीन महिन्यांहून जास्त टिकतात त्यांनाच. काही जण सोडून गेले. जे राहिले ते खरोखर लिहिणारे, साइट आतून पाहून तिच्याबद्दल प्रामाणिकपणे सांगणारे आहेत. त्यांच्याकडून येणारा सदस्य संख्येने कमी, पण टिकतो.

ट्रॅकिंगमधला, म्हणजे कुठली विक्री कुठल्या अफिलिएटमुळे झाली हे नोंदण्यातला, एक प्रकार सांगायलाच हवा, कारण तो चटकन ध्यानात येत नाही. आमच्याकडे वय तपासणी दुसऱ्या एका सेवेच्या पानावर होते. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून अशी तपासणी कायद्याने सक्तीची आहे. अमेरिकेत टेक्सासचा तसाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये वैध ठरवला. त्यामुळे हे पान टाळता येत नाही, आणि माझ्या मते टाळूही नये. पण गिऱ्हाईक अफिलिएटच्या लिंकवरून यायचं, तपासणीच्या पानावर जायचं आणि परत येताना लिंकमधला क्लिकचा क्रमांक गळून पडायचा. विक्री व्हायची, पण कुणाच्याच नावावर लागायची नाही. एका अफिलिएट ताईंनी विचारलं, ‘क्लिक दीडपट झाले आणि विक्री शून्य, असं कसं?’ सर्व्हरचे लॉग काढले तेव्हा तीन आठवड्यांचा घोळ सापडला. त्यांचं कमिशन मागच्या तारखेपासून दिलं आणि बाकी सगळ्यांना न विचारता स्वतःहून हिशेब पाठवला. आता क्लिकचा क्रमांक तपासणीच्या आधीच आमच्या सर्व्हरवर नोंदला जातो आणि विक्रीची खबर सर्व्हरकडून सर्व्हरला जाते. नुसत्या कुकीवर, म्हणजे गिऱ्हाईक कुणाच्या लिंकवरून आलं याची त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली नोंद, तिच्यावर विसंबू नका. अ‍ॅपलचा सफारी ब्राउझर २०१९ पासून जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी जास्तीत जास्त सात दिवस ठेवतो. तीस दिवसांची कुकी असं जाहीर करून सात दिवसांचे पैसे देणं ही फसवणूकच झाली.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट बॅनरची, म्हणजे अफिलिएट आपल्या साइटवर लावतात त्या जाहिरातीच्या चित्रांची. आमच्यासोबत काम करणाऱ्या एका कलाकाराने तिचा एक फोटो जाहिरातीतून काढायला सांगितलं. तो तिचा हक्कच आहे. जे बॅनर आमच्या सर्व्हरवरून दिसत होते ते पाच मिनिटांत बदलले. पण सुरुवातीला आम्ही बॅनरची झिप फाइल उतरवून घ्यायची सोय दिली होती. तो फोटो चौदा ठिकाणी चिकटलेला निघाला. एकेकाला लिहून, फोन करून काढायला अकरा दिवस गेले आणि रोज संध्याकाळी तिला किती राहिले ते कळवताना जीव तुटायचा. झिप फाइल त्याच आठवड्यात बंद केली. मास्टरकार्डने ऑक्टोबर २०२१ पासून अशा साइटवर दिसणाऱ्या प्रत्येकाचं वय, ओळख आणि संमती कागदोपत्री असणं सक्तीचं केलंय. आम्ही तोच नियम अफिलिएटच्या जाहिरातीलाही लावतो: आमच्याकडून दिलेल्या चित्रांखेरीज दुसरं काही वापरायचं नाही. दुसऱ्याच कुणाचे फोटो वापरणाऱ्या एकाचं खातं त्याच दिवशी बंद केलं.

ईमेलवरून प्रचार फक्त ज्यांनी स्वतः नाव नोंदवलंय त्यांनाच, आणि तोही मजकूर आम्हाला आधी दाखवून. आमच्या साइटच्या नावाशी जुळणारी डोमेनं घ्यायला बंदी.

पेआउटबद्दल, म्हणजे अफिलिएटला पैसे देण्याबद्दल: विक्रीनंतर ३० दिवस रक्कम थांबवतो, मग महिन्यातून दोनदा, ठरलेल्या तारखेला. चार्जबॅक उशिरा येतात म्हणून थांबवणं भाग आहे, पण ते कारण नियमांत पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. नऊ महिन्यांत एकही तारीख चुकवलेली नाही. नवे अफिलिएट आता बहुतेक जुन्यांच्या सांगण्यावरूनच येतात.

सॉफ्टवेअरला मी पाचपैकी चार देईन. अहवाल उत्तम, पण संशयास्पद नोंदणी ते स्वतःहून दाखवत नाही, म्हणून रोज सकाळी अर्धा तास मी अजूनही लॉग वाचते.