स्कूटरवर लेकराला बांधायचा पट्टा : कोल्हापुरात नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धाकटीनं ग्लासभर धारोष्ण दूध घेतलं, फेसाच्या मिशा तशाच ठेवून माझ्या मागं स्कूटरवर बसली आणि आम्ही फुलेवाडीकडं निघालो. शालिनी पॅलेस मागं पडला तेव्हा माझ्या कमरेभोवतीची तिची मिठी सैल झाली. दोनदा तिचं डोकं माझ्या पाठीला लागलं. तिसऱ्यांदा पाठीला काहीच लागलं नाही.

डावा हात मागं टाकला तेव्हा तिचा दंड हाताला सापडला. पोरगी झोपेत एका बाजूला कलली होती. एका हातानं तिला धरून, एका हातानं गाडी कडेला घेतली आणि तिथंच फुटपाथवर बसून राहिले. पोटात गोळा आला होता तो घरी जाऊन भाकरी थापेपर्यंत गेला नाही. त्यानंतर तीन आठवडे तिला घेऊन मी कुठंच गेले नाही. बावड्याला माहेरी नाही, रंकाळ्यावर नाही. ती दारात चप्पल घालून उभी राहायची आणि मी आज नको म्हणायचे.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी हा पट्टा आला. आता आषाढ सुरू आहे. मधल्या काळात थंडी, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा यात तो जवळजवळ रोज वापरला, म्हणून लिहायला बसले.

आधी काय काय करून पाहिलं ते सांगते, कारण बहुतेक घरांत तेच चालतं. थोरला लहान असताना पुढं, पाय ठेवायच्या जागेत उभा राहायचा. दसरा चौकात एक रिक्षा अचानक वळली, मी ब्रेक दाबला आणि त्याचं तोंड हँडलवर आपटलं. पुढचा दुधाचा दात अर्धा तुटला. गाडीचा वेग तेव्हा अगदी कमी होता. पुढं उभं केलेलं मूल आपल्या डोळ्यासमोर असतं म्हणून ते सुरक्षित आहे असं आपल्याला वाटतं, पण ब्रेक दाबला की ते आणि हँडल यांच्यामध्ये काहीच नसतं. त्या दिवसापासून पुढं कुणालाही उभं केलं नाही. धाकटीला मागं बसवून ओढणीनं कमरेला बांधून पाहिलं. गाठ सैल झाली तर उपयोग नाही, घट्ट बसली तर घाईत सुटत नाही, आणि ओढणीचं टोक चाकात जायची धास्ती वेगळीच.

पट्टा म्हणजे लेकराला घालायचं एक जाकीट असतं. त्याच्या पाठीकडून निघणारे पट्टे पुढं येतात, मुलाच्या दोन्ही पायांमधून जातात आणि वर आपल्या खांद्यांत अडकतात, म्हणजे आपण पाठीला दप्तर अडकवतो तसंच. मूल बसतं सीटवरच, त्याचं वजन आपल्या खांद्यावर येत नाही. फक्त त्याची छाती आपल्या पाठीपासून लांब जाऊ शकत नाही. माझ्या छातीवर एक क्लिप लागते आणि ती टक असा आवाज करते.

कायद्यातही हे आहे. केंद्र सरकारनं 15 फेब्रुवारी 2022 ला मोटार वाहन नियमांत बदल केला आणि तो वर्षभरानं लागू झाला. चार वर्षांखालचं मूल दुचाकीवर असेल तर असा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला मापाचं हेल्मेट हवं आणि गाडी ताशी 40 किलोमीटरच्या वर न्यायची नाही. पट्टा 30 किलो वजन पेलणारा, हलका आणि पाण्यानं खराब न होणारा असावा असंही त्यात आहे. आमच्या गल्लीत हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पट्टा शोधताना कळलं.

पहिला पट्टा मी फसून घेतला. स्वस्त होता, फोटोत छान दिसत होता. घरी दाराच्या कडीला अडकवून जोरात ओढला तर खांद्याचा पट्टा बकलातून हळूहळू सरकत गेला. तीनदा ओढला, तीनदा सरकला. तो परत केला आणि साडेनऊशे रुपयांचा हा दुसरा मागवला. त्याचं बकल दुहेरी आहे, पट्टा एकदा मागं वळून परत आत जातो. तुम्ही कुठलाही घ्या, पण लेकराला घालायच्या आधी कडीला अडकवून अंगातला जोर लावून ओढा. शिवण बघा, विशेषतः पायांमधून जाणारा पट्टा जाकिटाला जिथं जोडला आहे तिथली. माझ्या पट्ट्याची तिथली एका बाजूची शिवण पाचव्या महिन्यात थोडी उसवली. महाद्वार रोडला बॅगा शिवणाऱ्या एका काकांकडं जाड दोऱ्यानं चौकटीची आणि मध्ये फुलीची शिवण मारून घेतली. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. "ताई, असलं काम लेकरासाठी आसतंय, ऱ्हाऊ दे," म्हणाले. तेव्हापासून ती शिवण हललेली नाही.

सासूबाईंना हा प्रकार पहिल्यांदा अजिबात पटला नव्हता. "पोरीला वासरावानी बांधून न्यायाला लागलीस व्हय गं?" असं भर अंगणात विचारलं होतं त्यांनी. मी त्यांना दूध कट्ट्यावरून येतानाचा प्रसंग तेव्हाच पहिल्यांदा सांगितला. त्या गप्प झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ती क्लिप कशी सोडायची ते मला बी दाव." हे मी इतर आयांनाही सांगते. घरातल्या सगळ्यांना, थोरल्या मुलालासुद्धा, क्लिप सोडता आली पाहिजे. उद्या मलाच काही झालं तर लेकरू माझ्या पाठीला बांधलेलं आहे हे बाहेरच्या माणसाच्या लगेच लक्षात यायचं नाही.

बसायची पद्धत बसायला आठवडा गेला. जाकीट घरातच घालायचं. गाडी साइड स्टँडवर, धाकटी आधी सीटवर, मग मी. पट्टे खांद्यात, क्लिप, मग स्टँड वर. उतरताना स्टँड, चावी बंद, क्लिप, मी खाली, मग ती. हा क्रम कधी बदलायचा नाही. धाकटीला तो इतका पाठ झालाय की क्लिप लागल्याशिवाय ती निघू देत नाही. "मम्मी, टक झालं का? मी बसलो बघ," म्हणते. आमच्या कोल्हापूरच्या पोरी बसलो, आलो, गेलो असंच बोलतात, त्यामुळं बाहेरगावच्यांना गंमत वाटते.

मिस्टरांचे खांदे माझ्यापेक्षा रुंद, त्यामुळं दर वेळी माप बदलावं लागायचं आणि घाईत पट्टा ढिला राहायचा. शेवटी माझ्या मापाला लाल दोरा आणि त्यांच्या मापाला पिवळा दोरा टाचून ठेवला. दहा मिनिटांच्या या कामानं रोजची कटकट संपली.

आता मुख्य गोष्ट. या पट्ट्यानं आम्हाला आमचं गाव परत मिळालं.

मंगळवारी माहेरी बावड्याला जायचं ठरलेलं असतं. फुलेवाडी, गंगावेश, सीपीआर हा सरकारी दवाखाना आहे तो चौक, पुढं न्यू पॅलेसवरून बावडा. सीपीआरजवळ टाऊन हॉलच्या बागेत थांबा ठरलेला. तिथल्या संग्रहालयात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी ब्राँझची मूर्ती आहे. रोमन लोकांशी व्यापार चालायचा त्या काळात समुद्र ओलांडून आमच्या गावात आलेला देव. थोरल्याला पूर्वी एकदा हे समजावून सांगितलं होतं, त्यानं ते धाकटीला त्याच्या पद्धतीनं सांगितलं आणि आता ती त्याला "बोटीतला बाप्पा" म्हणते. मग न्यू पॅलेस. काळ्या दगडातली ती इमारत 1884 साली पूर्ण झाली, पण तिला त्यातलं आवडतं ते मनोऱ्यावरचं घड्याळ आणि आवारातली हरणं. पट्टा येण्याआधी मी हा सगळा रस्ता एका दमात, मान वळवून वळवून मागं बघत पार करायचे आणि बावड्यात पोचेपर्यंत मान धरलेली असायची. आता थांबत थांबत, दमानं जाते.

नोव्हेंबरात अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेलो. 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट आत येतात, त्यामुळं त्या तीन दिवसांत संध्याकाळी गर्दी लई असते. गाडी बिंदू चौकात लावली आणि जाकीट तिच्या अंगावरच राहू दिलं. जाकिटाच्या पाठीला एक कापडी कडी आहे. त्या गर्दीत तिचा हात दोनदा माझ्या हातातून सुटला, पण कडी सुटली नाही. हा उपयोग विकणाऱ्यानं कुठं लिहिलेला नव्हता, माझ्यासाठी मात्र तो पट्ट्याइतकाच मोलाचा ठरला.

जोतिबाला एकदाच नेलं, चैत्रातली यात्रा होऊन गेल्यावर, रविवार सोडून. केर्लीपर्यंत रस्ता सरळ, पुढं घाट. घाटात ताशी तीसच्या वर गेले नाही. पट्ट्यानं काही त्रास दिला नाही, पण परत आल्यावर क्लिपमध्ये गुलाल गेला आणि ती अर्धीच लागायला लागली. टक आवाज आला नाही म्हणून धाकटीनंच ओरडून सांगितलं. जुन्या टूथब्रशनं कोमट पाण्यात घासली तेव्हा सुरळीत झाली. देवाला जाऊन आलात की क्लिप नक्की बघा.

दोन गोष्टींबद्दल मात्र अपेक्षा चुकीच्या ठेवू नका. लेकरू झोपलं तर पट्टा त्याला पडू देत नाही, हे खरं. पण झोपलेल्या लेकराची मान तो सांभाळत नाही. वर हेल्मेटचं वजन असतं, डोकं लोंबकळतं. ती पेंगतेय असं पाठीला जाणवलं की मी गाडी कडेला घेते, तिला उतरवून दहा पावलं चालवते, पाणी देते. तरीही डोळे मिटत असतील तर रंकाळ्याच्या कट्ट्यावर मांडीवर घेऊन बसते आणि मिस्टरांना फोन करते. अशी दोनदा वेळ आली. दोन्हीदा तासभर तळ्याकडं बघत बसलो, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

दुसरी गोष्ट, पट्टा म्हणजे पडल्यावरचं संरक्षण नव्हे. ती माझ्याशी बांधलेली आहे म्हणजे मी पडले तर ती माझ्याबरोबर पडणार. फेब्रुवारीत आमच्याच रस्त्यावर बांधकामाची वाळू पसरली होती, पुढचं चाक सरकलं. वेग पंधराचा असेल. माझा गुडघा खरचटला, ती माझ्या पाठीलाच चिकटून होती, तिला काही झालं नाही. तेव्हापासून चाळीसचा नियम असला तरी माझी मर्यादा तीसची आहे. माहेरच्या एका लग्नाला कागलला जायचं होतं, हायवेनं. एसटीनं गेलो. हायवेवर तिला घेऊन मी स्कूटर नेणार नाही, पट्टा असो वा नसो.

उन्हाळ्यात जाकिटातला स्पंज त्रास देतो. एप्रिलात दुपारी नेलं तर तिच्या छातीवर घामोळं उठलं. आत सुती बंडी आणि बाहेर पडायची वेळ सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर, एवढ्यावर निभावलं. पावसाळ्यात उलटं. रेनकोटच्या आतून पट्टा लावला तर तो सरकतो, म्हणून दोघींनीही रेनकोट घालून त्यावरून लावायचा. घोळदार, अंगावर नुसता टाकायचा रेनकोट यात चालत नाही, बाह्यांचाच हवा. आणि स्पंज भिजला की वाळायला तीन दिवस लागतात. दुसरं जाकीट वेगळं विकत मिळत नाही, ही मला यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

थोरल्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. तो आता आठ वर्षांचा आहे. दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस असा नियम आहे, तेव्हा दोघांना एकदम घेऊन मी निघत नाही. सुरुवातीला तो रुसायचा, "तू हिलाच नेतीस" म्हणायचा, आणि ते ऐकून माझाही जीव तुटायचा. मग गुरुवार त्याचा ठरवला. गुरुवारी धाकटी आजीजवळ, तो आणि मी खासबाग मैदानाजवळ भेळ खायला. शाहू महाराजांनी बांधलेलं ते कुस्तीचं मैदान बघितल्यापासून त्याला तालमीत जायचंय. तिघं मिळून जायचं असलं की केएमटीनं, म्हणजे शहर बसनं जातो.

घ्यायचा का, असं विचाराल तर माझं लेकरू तीन-चार वर्षांचं असताना हा घेणं मला हेल्मेटाइतकंच गरजेचं वाटतं. माप मात्र छातीचं बघून घ्या, वयावरून नको. धाकटी बारीक आहे, दोन ते पाच वर्षांसाठी म्हणून आलेलं जाकीट तिला पहिले तीन महिने ढगळ होत होतं, आत मला पट्टी शिवून घ्यावी लागली. आता ती चौदा किलोची आहे आणि व्यवस्थित बसतं. चार वर्षं पूर्ण झाली की नियमानं पट्टा लागणार नाही, पण ती गाडीवर पेंगायची थांबेपर्यंत मी काढणार नाही.

येत्या शुक्रवारी टेंबलाई देवीला पंचगंगेचं नवं पाणी न्यायचं आहे. गल्लीतल्या सगळ्याजणी पी ढबाक हे वाद्य लावून चालत जाणार, धाकटी तेवढं चालणार नाही, म्हणून आम्ही दोघी मागून स्कूटरनं. काल भिजलेलं जाकीट मधल्या खोलीत पंख्याखाली टांगलंय. ती दर थोड्या वेळानं जाऊन हात लावून बघते आणि येऊन सांगते, अजून ओलं आहे.