बीकनशेजारी काय चालेल: फोन, घड्याळ, कॅमेरा की गरम हातमोजे?

गुलमर्गला गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्याने वर जाऊन अफरवात शिखराच्या मोकळ्या उतारांवर स्की करायचं ठरलं, की पहिला वाद रंगतो तो भाड्याने कुठल्या कंपनीचं बीकन (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायला अंगावर बांधायचं सिग्नल यंत्र) घ्यायचं यावर. तीन अँटेनाचं, नीट चालणारं कुठलंही घ्या, फारसं बिघडत नाही. अंगावर बाकी काय काय बाळगताय आणि कुठे, हे मात्र खरंच ठरवायला हवं.

जगभरातली सगळी बीकन 457 किलोहर्ट्झवर चालतात आणि त्यांचं चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने क्षीण होतं. सेंड मोडमध्ये, म्हणजे स्की करताना, तुमचं बीकन स्वतःच ओरडत असतं, त्यामुळे आसपासच्या खुडबुडीचा त्याला तुलनेने कमी त्रास. सर्च मोडमध्ये, म्हणजे गाडलेल्याला शोधताना, ते कान देऊन बसतं. चाळीसेक मीटरवरून येणारी कुजबुज पकडायला आपली संवेदनशीलता पार वर चढवतं, आणि त्याबरोबर शेजारच्या प्रत्येक सर्किटची कुरकुरही वाढवून ऐकतं. म्हणून नियमही दोन आहेत: बाकीच्या वस्तू बीकनपासून सेंडमध्ये 20 सेंटिमीटर लांब, सर्चमध्ये 50. पुढची सगळी तुलना याच दोन आकड्यांवर.

आधी फोन. बंद, एअरप्लेन मोड की चालू? बऱ्याच जणांना एअरप्लेन मोड म्हणजे काम झालं असं वाटतं. पण त्याने फक्त रेडिओ झोपतो. स्क्रीन, प्रोसेसर आणि बॅटरीची सर्किटं जागीच असतात, आणि बीकनला छळणारा गोंगाट त्यांच्यातूनही निघतो. बंद फोन केव्हाही उत्तम. चालू ठेवायचाच असेल तर जागा महत्त्वाची. बीकन छातीवरच्या हार्नेसमध्ये (पट्ट्यांच्या पाकिटात) असेल तर जॅकेटचा छातीचा खिसा फोनसाठी बाद. तो मांडीच्या खिशात किंवा सॅकमध्ये. बीकन पँटच्या चेनवाल्या खिशात असेल तर फोन दुसऱ्या बाजूला, वर. मला हार्नेस बरा वाटतो: खिसा कोणता, कोणत्या पँटचा, हा घोळच राहत नाही.

अॅक्शन कॅमेऱ्याचा निकाल सोपा आहे. छातीवर लावलात तर तो जवळजवळ बीकनवरच बसतो. हेल्मेटवर लावलात तर सेंडमधलं अंतर आपोआप सुटतं, आणि शोध सुरू करताना तो बंद करायचा. स्मार्टवॉच जास्त फसवं, कारण ते लहान दिसतं. शोधताना बीकन ज्या हातात, त्याच मनगटावर घड्याळ असेल तर दोघांत वीतभरही अंतर नसतं. काढून सॅकमध्ये टाका.

सगळ्यात वाईट पर्याय बॅटरीवर तापणाऱ्या हातमोज्यांचा. त्यांचा कंट्रोलर उष्णता कमी-जास्त करायला करंट सतत जोडतो-तोडतो, आणि तेच हात बीकन धरणार! इथे 50 सेंटिमीटर पाळणं शक्यच नाही. थंडीने बोटं बधिर होणाऱ्यांनी जाड मिटन्स आणि फोडून गरम होणाऱ्या पुड्या घ्याव्यात. तापणारे मोजे त्यामानाने बरे, पाय लांब असतात. अगदी शेवटी बीकन बर्फाला टेकवून शोधतो तेव्हा ते जवळ येतात खरे, पण तोवर सिग्नल दणदणीत झालेला असतो.

वॉकी-टॉकी शोधणाऱ्याकडे नको. जो शोधत नाही, फक्त सूत्रं हलवतोय, त्याच्याकडे असू द्या. आणि बॅटरी नसलेल्या वस्तूही निरागस नसतात: चॉकलेटची चांदी, इमर्जन्सी ब्लँकेट, जॅकेटची चुंबकी बटणं बीकनला चिकटून नकोत.

विश्वास बसत नसेल तर मोकळ्या मैदानात, विजेच्या तारांपासून लांब, एक बीकन सेंडवर ठेवा आणि दुसरं सर्चमध्ये घेऊन सिग्नल जेमतेम लागेल इतक्या अंतरावर उभे राहा. मग चालू फोन हळूहळू जवळ आणा. आकडा उड्या मारू लागतो, बाण डावी-उजवीकडे भरकटतो, कधी सिग्नलच गायब होतो. काही वेळा उलटंही होतं, जिथे कोणी नाही तिथे आकडा उमटतो. गाडलेल्या माणसाला पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर काढलं तर आशा चांगली असते, पुढे ती झपाट्याने ओसरते; त्यातली दोन मिनिटं अशा भुताटकीमागे घालवणं परवडत नाही.

तरीही शोधताना गडबड दिसलीच, तर बीकन हात लांब करून धरा, अंगावरचं सगळं बंद करा आणि शोधाचे पट्टे (एका फेरीत धुंडाळायची रुंदी) निम्म्याहूनही अरुंद करा, कारण पल्ला घटलेला असतो. मदतीला फोन लावणाऱ्याने शोधणाऱ्यांपासून बाजूला जाऊन बोलावं. आणि सकाळची बीकन तपासणी गोंडोला स्टेशनच्या दारात उरकू नका. तिथल्या मोटारी आणि केबल्समुळे धड बीकनही बिघडल्यासारखं वाटतं. थोडं पुढे, उतार सुरू होण्याआधी, एकेकाला समोरून जाऊ देऊन त्याचं बीकन तपासा.